एका दमात ओढलेलं आभाळ

"दुसऱ्या रांगेतला तिसरा हिरवा मारतोय," वासंती म्हणाली.

स्वानंदने हातातला रंग मोजायचा मीटर पुन्हा त्या पडद्याच्या मधोमध टेकवला आणि लॅपटॉपकडे पाहिलं. "ताई, रंगाचे आकडे बघा ना. सोळाच्या सोळा सेम आहेत. मीटर खोटं बोलतोय का?"

"खोटं नाही बोलत साहेब. पण तो मधलंच बघतो. कडा कोण बघणार?"

डोंबिवलीतल्या त्या शाळेच्या नव्या सभागृहात सोळा सपाट पडदे एकमेकांना चिकटवून एक मोठी भिंत उभी केली होती. काल संध्याकाळी मीटरवर सगळं जुळलेलं होतं. सकाळी त्यातला एक पडदा पेटेचना, म्हणून स्वानंदने ठाण्याच्या गोदामातून दुसरा आणून बसवला. तो निघाला कारखान्याच्या वेगळ्या खेपेचा. कार्यक्रम अकराचा, आणि आता साडेनऊ वाजून गेले होते.

वासंतीला मात्र शाळकरी पोरीसारखा हुरूप आला होता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी असं व्हावं याचं तिचं तिलाच हसू येत होतं. विशीत असताना ती कळव्याजवळच्या टीव्हीच्या कारखान्यात होती. समोरून सरकत येणाऱ्या प्रत्येक टीव्हीचा पांढरा रंग नुसत्या नजरेने जुळवायचा, हे तिचं काम. तेरा वर्षं केलं. मग कारखान्याला टाळं लागलं आणि तो डोळा पुढची पंधरा वर्षं पोळ्या जळतायत का, एवढंच बघत राहिला. स्वानंदच्या कंपनीतही ती वायरी जोडायला म्हणून लागली होती. भिंत जुळवणारा इंजिनियर अनिमेष आज नाशिकला अडकला, म्हणून रिमोट पहिल्यांदा तिच्या हातात आला होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. रसिका एका काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आत आली. शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक त्र्यंबक सर. आज त्यांना ऐंशी पूर्ण होत होती आणि त्यांची जलरंगातली चित्रं या भिंतीवर दिसणार होती. मूळ चित्रं दोन हजार पाचच्या पुरात घरासकट पाण्याखाली गेली. रसिका त्यांची विद्यार्थिनी. तिने पुराच्या आदल्या वर्षी हौसेने फोटो काढून ठेवले होते, तेवढेच उरले.

"सरांना घरी धीर निघेना," रसिका म्हणाली.

भिंतीवर खडवलीच्या नदीवरची पहाट होती. सर खुर्चीत बसले. काठी मांडीवर आडवी घेऊन त्यांनी भिंत नीट न्याहाळली.

"हे आभाळ मी एका दमात ओढलं होतं," शेवटी ते म्हणाले. "मध्ये कुंचला उचलला नव्हता. इथे सोळा जणांनी वाटून घेतल्यासारखं दिसतंय."

स्वानंदचा चेहरा पडला. वासंतीला मात्र आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ती सकाळपासून सांगत होती ते दुसऱ्या कुणालातरी दिसत होतं.

"सर, कुठे कुठे तुटतंय ते सांगाल मला?"

"तो दुसऱ्या रांगेतला हिरवट आहे. आणि त्याच्या शेजारचा किंचित तांबूस."

"तांबूस? थांबा." ती जवळ गेली, मागे आली, डोकं तिरकं केलं. "हो की. माझ्या नजरेतून सुटलेला."

मग दोघं कामाला लागली. ती दोन पडद्यांच्या सांध्यावर नजर रोवून रिमोटवर हिरवा एका अंकाने उतरवी, निळा चढवी; सर काठी उचलून "अजून", "थोडं मागे" म्हणत. मधोमध नाही, सांध्याशी जुळवायचं; एक जुळला की त्याच्या शेजारचा. बारा झाले, चौदा झाले. सरांनी अंगातला कोट काढून ठेवला.

अडलं ते खालच्या कोपऱ्यात. तिथला पडदा सगळ्यांत मंद होता, आणि त्याचा उजेड आधीच पूर्ण वाढवलेला होता.

"हा वर येणार नाही," वासंती म्हणाली. "बाकीच्या पंधरांना खाली आणावं लागेल."

"ताई, लखलखीत भिंत म्हणून दिलीय आपण. ट्रस्टी म्हणतील, अंधार लावलाय."

"पडदे ओढून घ्या खिडक्यांचे. साहेब, एकदा बघा. नाही पटलं तर पाच मिनिटांत होतं तसं करते."

दहा पस्तीस झाले होते. स्वानंदने घड्याळ पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि स्वतःच खिडक्यांकडे गेला.

ती एकेका पडद्याचा उजेड उतरवत गेली. आभाळ आधी मळल्यासारखं झालं, ठिगळं उलट जास्तच दिसू लागली. स्वानंद ओठ चावत उभा राहिला. पंधरावा उतरला आणि सांधे दिसेनासे झाले. नदीच्या कडेची राखाडी वर चढत जांभळी झाली, जांभळीची फिकट पिवळी, आणि कुठेही न अडखळता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"च्यायला," स्वानंद हळूच म्हणाला. मग सरांची आठवण होऊन त्याने जीभ चावली.

 वासंतीने घामेजलेले हात पदराला पुसले.

कार्यक्रम झाला. ट्रस्टींनी भिंतीच्या उजेडाबद्दल तक्रार केली नाही; खडवलीचं चित्र आलं तेव्हा तेच खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. आभार मानताना स्वानंदने माईकवर तिचं नाव घेतलं, आडनावासकट. ती मागच्या रांगेत, तिरक्या कोनातून रंग कसा दिसतो ते बघत उभी होती. वळलेल्या माना पाहून तिने घाईने नमस्कार केला.

माणसं जेवायला बाहेर गेली. वासंती भिंत बंद करायला आली, तर सर अजून तिथेच. खडवली पुन्हा लावून घेतली होती.

"कागदाचा वास तेवढा नाही," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिने रिमोट तसाच खुर्चीवर ठेवला. डबा घेऊन ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि आवाज होऊ न देता झाकण उघडलं.