शेवटच्या थांब्यामागचं जंगल आणि मी

मी एक शिट्टी. खरं तर मी वाजायला हवं. पण धनी फुंकतच नाही, म्हणून शेवटी बोलायची वेळ आली.

माझा जन्म कारखान्यातला. नारिंगी प्लास्टिकच्या दोन वाट्या चिकटवल्या, पोटात एक छोटी गोळी ठेवली, की झाले मी तयार. खोक्यात भरण्याआधी मला एकदा वाजवून पाहिलं, तेव्हा शेजारची बाई दचकली. वाटलं, जन्माचं सार्थक होणार. कसलं काय.

तंबू आणि दोर विकणाऱ्या दुकानातून एका मुलीने मला वडिलांसाठी घेतलं. वडील बसचे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यामागे एक जंगल होतं. लोक जायचे ते दुसऱ्या, नावाजलेल्या जंगलात. तिथे तिकीटखिडकी होती, बाकं होती. इकडे कुणी फिरकत नसे. ड्रायव्हर मात्र रोज तिथे गाडी वळवताना त्या झाडांकडे बघत राहायचा. एक दिवस बायकोला घेऊन आत जायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं.

मुलीने मला त्याच्या गळ्यात घातलं. "बाबा, वाट चुकली तर तीनदा फुंकायचं. मदत हवी, असा त्याचा अर्थ."

तो नुसता हसला. ज्याने जन्मात कधी कुणाला रस्ता विचारला नाही, तो आता विचारणार होय? त्याने मला शर्टाच्या आत टाकलं. जंगल बघायला निघालेली मी, घामात भिजत बसले.

सकाळ छान गेली, हे कबूल करते. शेवाळलेले दगड, कमरेएवढी नेची, मग एक झरा. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईने, चपला काढून पाय बुडवले आणि म्हणाली, इतकी वर्षं हे इथेच होतं? ड्रायव्हर असा खुलला, जणू झरा त्यानेच खणला होता.

परतताना मात्र त्याच्या डोक्यात बस शिरली. म्हणाला, आल्या वाटेने कशाला जायचं? चारदा डावीकडे वळलं की गाडी निघाल्या जागी येते. येते ना, शहरात येते. तिथे गल्ल्या चौकोनी असतात. इथे पहिल्या डावीकडे वाट होती, दुसऱ्या डावीकडे तिची खूण होती, तिसरीकडे ओढा लागला आणि चौथीकडे नुसते काटे.

ओढ्यात बाईचा पाय मुरगळला. शेवटची बस अंधाराआधी सुटणार होती. ती गेली, तर तशा पायाने रात्र झाडाखाली काढायची होती. ती म्हणाली, शिट्टी वाजवा. तो म्हणाला, चुकलो कुठे, जरा लांबून चाललोय. ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, एवढा जुना ड्रायव्हर, लोक काय म्हणतील? आता लोक होते कुठे? एक सुतारपक्षी होता, तोही आपल्या कामात. मी त्याच्या छातीवर आपटत होते, पोटातली गोळी खुळखुळत होती. याहून जास्त मी काय करणार? शिट्टीला स्वतःचा श्वास नसतो, हाच माझा भोग.

शेवटी बाई दगडावर बसली आणि तिने हात पुढे केला. "आयुष्यभर कंडक्टरच्या घंटीवर गाडी हाकलीत. वाजली की थांबायचं, वाजली की निघायचं. तेव्हा नाही कमीपणा वाटला? द्या इकडे."

तिने तीनदा फुंकलं. अंगातलं सगळं ओतून मी वाजले. थोड्या वेळाने उजवीकडून, लांबून, बसचा हॉर्न आला. मी साद घालायची, हॉर्नने उत्तर द्यायचं. त्या आवाजाचं बोट धरून दोघं बाहेर आले. वेळ टळून गेली तरी बस थांबली होती. तिचा ड्रायव्हर याच्याच हाताखाली शिकलेला.

"काका, वाट चुकलात वाटतं?"

"छे रे. हिला शिट्टी वाजवून बघायची होती."

बाई लंगडत बसमध्ये चढली. खिडकीशी बसून पाय चोळत राहिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कंबरेचं हाड मोडल्यापासून ड्रायव्हर पलंगावर आहे. बाईने मला पलंगाच्या दांडीला, त्याच्या हाताशी बांधलंय. पाणी हवं, कूस बदलायची, तर फुंकायचं. एवढं सोपं. पण नाही. तो पेल्याकडे स्वतःच हात लांबवतो, पेला सांडतो आणि ओल्या चादरीवर गप्प पडून राहतो. वैताग येतो हो मला.

आत्ताही तेच झालं. बाई लंगडत आली. चादर बदलताना म्हणाली, "तुमची न वाजलेली शिट्टीसुद्धा मला स्वयंपाकघरात ऐकू येते. पण माझे कान आता जड होत चाललेत. एखाद दिवशी नाही आलं ऐकू, तर?"

ती बाहेर गेल्यावर त्याने मला हातात घेतलं. ओठांपाशी नेलं. मग शर्टाला पुसलं आणि सोडून दिलं.

पुसलं, एवढं खरं.

ड्रायव्हरसाहेब, चुकलो म्हणू नका, मदत हवी असंही म्हणू नका. नुसतं फुंका. माझी दोरी पुरते तिथवरून मला दिसतंय, बाई स्वयंपाकघरात गेलेली नाही. दाराआड उभी आहे. शेवटची बस अजून सुटलेली नाही.