गावठी मांजरीचं इंग्रजी नाव

मित्रांनो, मी तारकर्लीची एक म्हातारी मांजर आहे. अंगावर काळी, पिवळी, पांढरी ठिगळं, उजवा कान फाटका आणि स्वभाव थोडा खाष्ट. माझा जन्म मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या झोपडीत झाला. बाप कोण, ते मी कधी विचारलं नाही.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात पसरलेलं लांबलचक जाळं, सगळ्यांनी मिळून ओढली की मासळीचे वाटे पडतात. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा. माझा धनी विठोबा माझाही वाटा काढायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "उंदरांनी जाळी कुरतडली तर मगे ओढूचा काय?" तेव्हा माझी मान ताठ असायची.

विठोबा गेला. त्याच्या मुलाने, निलेशने रापण सोडली आणि घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. विठोबाची बायको आनंदी मासे विकून आली की आजही एक पेडवा आधी मला देते. निलेशला मात्र माझी लाज वाटू लागली. पाहुण्यांना फोटो काढायला झुपकेदार शेपटीची पर्शियन मांजर आणायची आणि मला पोत्यात घालून मालवणच्या मासळीबाजारात सोडायचं, असं त्याने ठरवलं. तिथल्या बोक्यांपुढे या वयात मी आठवडाभरही टिकले नसते. मला फार भीती वाटली.

त्या सकाळी तो पोतं घेऊन आला तेव्हा इंग्लंडची एक वयस्क पाहुणी पडवीत चहा पीत होती. मी कुणाच्या मांडीवर सहसा बसत नाही, पण तिच्या मांडीवर चढले. निलेश ओशाळून म्हणाला, "सॉरी मॅडम, गावठी कॅट."

"आम्ही हिला मॉगी म्हणतो. माझ्या घरी अशा तिघी आहेत," असं बाई इंग्रजीत म्हणाली. निलेशची मुलगी संचिता कॉलेजात शिकते. तिने शब्दाचा अर्थ विचारला आणि बाईचं बोलणं आजीला समजावून सांगितलं. जिचं घराणं ठाऊक नाही, ती मॉगी. शब्द कुठून आला, हे नक्की कुणालाच माहीत नाही. मार्गारेट नावाच्या मुलींना लाडाने मॅगी म्हणत, त्यावरून आला असावा म्हणतात. पूर्वी खेड्यांत वासरालाही मॉगी म्हणत, गबाळ्या बाईलाही. पुढे ते नाव आम्हा मांजरांकडे आलं आणि राहिलं.

मला बरं वाटलं. या शब्दाचाही बाप कुणाला ठाऊक नाही, तरी त्याला कुणी पोत्यात घातलं नव्हतं.

निलेश म्हणाला, "ता सगळा खरा. पण गिऱ्हाइकांका गावठी मांजराचा काय कौतुक?"

आनंदी मासे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली. "मी पण गावठीच, रे. माका खंय नेऊन सोडतलंस?"

निलेशने हातातलं पोतं घडी केलं. ते तो आत घेऊन गेला.

मित्रांनो, म्हातारं जनावर स्वतःची बाजू मांडू शकत नाही. माझ्यासाठी आनंदी बोलली. तुमच्या दारात जे कुणी असेल, त्याच्यासाठी तुम्ही बोला.