बोलणाऱ्यांची नावे

शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हाला एकच गोष्ट तीनदा सांगितली. पहिल्या दहा दिवसांत वर्गाला वळण लावा, नाहीतर वर्षभर डोकं धरून बसाल. वळण म्हणजे काय, तर एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची. शेवटच्या घंटेला वर्गशिक्षिकेने ती वर्तनवहीत उतरवायची. दहा दिवसांत ज्याच्या नावावर सर्वांत जास्त नोंदी, त्याची रवानगी ड तुकडीत. ड तुकडी पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत भरते. तिथे गेलेलं मूल परत वर आलेलं मी सोळा वर्षांत पाहिलेलं नाही.

मला ही पद्धत कधीच पटली नाही. मी आधी सवयी लावते. वर्गात कसं शिरायचं, वह्या रांगेने पुढे कशा द्यायच्या, पेन्सिलीला टोक कधी काढायचं. त्यात आठवडा जातो आणि मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडतात. यंदा वाद नको म्हणून मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून संताप येतो.

माझ्या चौथीच्या वर्गात बावन्न मुलं. त्यातली एक चिमणी. खरं नाव फक्त हजेरीपुरतं. ही पोरगी फळा पुसायला उठली तरी वाटेतल्या चार जणींची विचारपूस करून यायची. फळ्यावर तिचं नाव रोज असायचं आणि मी रोज ते उतरवायचे. दहाव्या दिवशी बेरीज केली, तर चिमणीच्या दहा नोंदी. बाकी कुणाच्या पाचच्या वर नव्हत्या. ऑफिसने तिच्या घरी फोन केला, तुकडी बदलतोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आली. ती इस्त्रीच्या दुकानात काम करते. हातावर भाजल्याचे डाग होते आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“बाई, गेले चार दिवस माझी पोर शाळेत आलेली नाही. तिच्या टॉन्सिल्स काढल्या. डॉक्टरांनी एक शब्द बोलू नको म्हणून सांगितलं होतं. पाणीसुद्धा ती पाटीवर लिहून मागत होती. मग तुमच्या वर्गात ती कुठल्या तोंडाने बोलली, तेवढं मला सांगा.”

मी दोन्ही वह्या उघडल्या. हजेरीपटात आईने पाठवलेला रजेचा अर्ज टाचलेला होता. चार तारखा. एका वहीत त्यांच्यापुढे ‘गैरहजर’, दुसरीत ‘बोलत होती’. अक्षर दोन्हीकडे माझंच. सकाळी मी तिला गैरहजर लावत होते आणि संध्याकाळी दप्तर आवरता आवरता बडबडी ठरवत होते. शरमेने माझी मान वर होईना.

शरमेचा राग व्हायला वेळ लागत नाही. मी तडक वर्गात गेले आणि मॉनिटरला बाहेर बोलावलं. चष्म्याआडून दोन भेदरलेले डोळे माझ्याकडे बघत होते.

“वर्गात नसलेल्या मुलीचं नाव का लिहिलंस?”

“फळा कोरा दिसला की मोठ्या बाई मलाच उभं करतात,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं लिहिलं तर ते मधल्या सुट्टीत भांडतात. चिमणी नव्हतीच ना, म्हणून तिचं लिहिलं.”

नऊ वर्षांच्या पोरीवर काय ओरडणार? तिने जे केलं तेच मी केलं होतं. वाद नको म्हणून.

मी दोन्ही वह्या नेऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी शांतपणे पाहिल्या.

“चार वजा करा,” त्या म्हणाल्या. “सहा उरतात. तरी तीच पहिली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ज्या वहीत चार नोंदी खोट्या आहेत, तिच्यातल्या सहा खऱ्या कशावरून?”

“एकीसाठी नियम मोडला तर उद्या पालकांची रांग लागेल.”

“लागू द्या.” मी त्यांच्याच पेनाने सगळ्या पानांवर तिरपी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘या नोंदी मी न पाहता उतरवल्या आहेत, त्या धरू नयेत.’ सही केली.

“हे तुमच्या गोपनीय अहवालात जाईल, बाई.”

“जाऊ द्या. फक्त लिहिताना तारखा बघून लिहा.”

चिमणी माझ्याच वर्गात राहिली. सोमवारी ती आली, तेव्हा फळ्याचा कोपरा मी ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. नावं खोटी होती आणि चूक माझी होती, हेही मी मुलांना सांगितलं. मग हजेरी सुरू केली. तिचं नाव घेतलं, तर तिने नुसता हात वर केला.

“घसा दुखतोय का गं?”

तिने मानेनेच नाही म्हटलं.

“मग डॉक्टर काय म्हणाले?”

तिने पाटी काढून लिहिलं, ‘आता बोल म्हणाले.’ आणि फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं.

तेवढ्यात मोठ्या बाई दाराशी थांबल्या. बावन्न मुलं चिडीचूप. त्यांनी वर्गावरून समाधानाने नजर फिरवली.

“बघा,” त्या म्हणाल्या, “लागलं की नाही वळण?”

“दार ओढून घ्या,” मी मुलांदेखत म्हटलं.

दार लागलं. हजेरी अजून सतरा नंबरवरच आहे. चिमणीच्या तोंडून ‘हजर’ ऐकल्याशिवाय मी अठरावं नाव घेणार नाही, मग घंटा झाली तरी चालेल.