वकिलातीतला मोठा माणूस

पाच वर्षांपूर्वी प्राध्यापिका बुरुलने कॉलेजच्या मानव्यविद्या शाखेच्या वार्षिक पत्रिकेत एक साधं वाक्य लिहिलं होतं: 'आमचा माजी विद्यार्थी ताश्तान युरोपातल्या आपल्या वकिलातीत काम करतो.' ते खरंच होतं. ताश्तानच्या मावशीनेच तिला बाजारात सांगितलं होतं. काय काम करतो, हे मावशीने सांगितलं नाही आणि बुरुलनेही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी डीन एर्गेश अगाय, म्हणजे एर्गेश सर, यांनी ते वाक्य सुधारून 'राजनैतिक सेवेत आहे' असं केलं. त्याच्या पुढच्या वर्षी 'वरिष्ठ' हा शब्द चिकटला. यंदा तर ताश्तान 'राजदूतांचा निकटचा सल्लागार' झाला होता. नारीनच्या त्या कॉलेजात प्राध्यापकांची कामगिरी म्हणजे दरवर्षी नव्या मथळ्याखाली छापलेला तोच निबंध, आणि विद्यार्थ्यांची म्हणजे वक्तृत्वात तिसरा नंबर. माजी विद्यार्थ्यांच्या रकान्यात एकटा ताश्तान किल्ला लढवत होता.

अशात राजधानी बिश्केकहून तपासणी समिती आली, आणि त्याच आठवड्यात ताश्तान सुट्टीवर घरी आल्याची बातमीही आली. डीन उड्याच मारायला लागले.

"बुरुल, ऊठ! त्याला घेऊन ये. उद्या समितीपुढे भाषण. देवानेच धाडलाय!"

बुरुल त्याच्या घरी पोचली, तेव्हा राजदूतांचा निकटचा सल्लागार अंगणात कमरेला फडकं बांधून भल्यामोठ्या कढईत मटण परतत होता. त्याचा हात इतका सराईत होता की तिने ख्यालीखुशालीही न विचारता थेट प्रश्न टाकला.

"ताश्तान, खरं सांग बाळा. वकिलातीत तू करतोस काय?"

"आचारी आहे, एजे. मुख्य आचारी." एजे म्हणजे ताई; शिकवणाऱ्या बाईंनाही तिकडे तसंच म्हणतात. त्याने झाऱ्यावर एक तुकडा घेऊन तिच्यापुढे धरला. "का? काय झालं?"

बुरुल तुकडा घेऊन ओट्यावर बसली. "अरे, पाच वर्षं आम्ही तुला बढती देतोय!"

"मग पगार कसा नाही वाढला?"

सगळा प्रकार ऐकल्यावर तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आजारी पडल्याचा निरोप पाठवावा, असं बुरुलने सुचवलं. त्याने साफ नकार दिला. "मी येणार. खोटं एक अक्षर बोलणार नाही. पण कुणी विचारल्याशिवाय सांगणारही नाही. चालेल?"

चालेल की नाही हे तिला ठरवता येईना. मटण मात्र फार चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. समितीच्या अध्यक्ष सैराकान बाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसल्या होत्या. ताश्तान कडक इस्त्रीचा कोट घालून उभा राहिला.

"मंडळी, मोठमोठी माणसं आधी मी त्यांच्यापुढे काय ठेवतो ते बघतात, मग बोलणी सुरू करतात," तो म्हणाला. "दोन देशांचे लोक हमरीतुमरीवर आलेले असताना मी त्यांची तोंडं तीन तास बंद ठेवली आहेत."

डीननी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. बुरुल मान खाली घालून ओठ चावत होती.

"राजदूतसाहेब माझ्या हातचं सोडून दुसऱ्याचं काही घेत नाहीत."

सैराकान बाईंनी चष्मा चढवला. "बेटा, तुझं पद नक्की काय?"

"मुख्य आचारी, एजे."

 मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. डीनचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला.

"आचारीच व्हायचं होतं, तर इथे चार वर्षं काय केलंस?" बाईंनी विचारलं.

आता ताश्तान गंभीर झाला. "तिसऱ्या वर्षी बुरुल एजेंनी आम्हाला उन्हाळी कुरणांवर गाणी गोळा करायला पाठवलं. तिथल्या म्हाताऱ्या बायका गायला तयार होईनात. म्हणाल्या, आधी मेंढी कापायला हात लाव. कापता कापता त्यांनी शिकवलं, कुठला तुकडा पाहुण्याचा, कुठला जावयाचा, आणि चुकला तर कोण कोण किती वर्षं बोलत नाही. मी प्रबंध त्यावरच लिहिला. वकिलातीत दुसरं काय चालतं? कुणाला कुठे बसवायचं, कुणापुढे आधी ताट ठेवायचं. इथे शिकलेलं मी रोज वापरतो."

 बुरुलला तो वर्ग आठवत होता. पोरगं सगळ्यात शेवटी परतलं होतं, कोपरापर्यंत चरबीने माखलेलं, आणि वह्या मात्र स्वच्छ.

"प्रबंध मला वाचायचाय," बाई म्हणाल्या. "तपासला कुणी?"

"एर्गेश अगायांनी. पाचपैकी तीन. शेरा होता: 'विषय विद्यापीठाचा नसून चुलीचा आहे.'"

आता सभागृहात हशा पिकला. डीन उठले, त्यांनी टाय सारखा केला. "जिद्द पेटावी म्हणून मी मुद्दाम कमी दिले होते," ते म्हणाले, आणि इतक्या थंडपणे म्हणाले की बुरुलला क्षणभर त्यांचं कौतुकच वाटलं.

प्रबंध सापडला. बाईंनी तो रात्रीत वाचला आणि अहवालात कॉलेजच्या बाकी कुठल्याही कामगिरीला लिहिली नव्हती इतकी, तब्बल दीड पान, स्तुती लिहिली. वर फर्मान सोडलं, "लिहिलंय छान. आता करून दाखव."

समिती निघायच्या दिवशी दुपारी ताश्तानने कॉलेजच्या खाणावळीत सगळ्यांना जेवू घातलं. पोरं दारापर्यंत दाटली होती. मेंढीचं डोकं रिवाजाप्रमाणे मुख्य पाहुण्या सैराकान बाईंपुढे आलं. बुरुलला मांडीचा तुकडा मिळाला, गुरूचा म्हणून. डीन ताट पुढे करून, आपल्याला काय येतं याची वाट बघत होते.

ताश्तान वाकला. त्याने डोक्याचा एक कान अलगद कापला आणि अदबीने डीनच्या ताटात ठेवला.

नारीनमध्ये कान लहान पोरांना देतात, दुसऱ्याचं ऐकायला शिकावं म्हणून. हे तिथे बसलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना डीनकडे वळल्या. बुरुलचा घास हातातच राहिला.

डीननी कानाकडे पाहिलं, ताश्तानकडे पाहिलं, मग कान उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"मीठ जरा कमी पडलंय," ते म्हणाले. "दुसरा आण बघू."