मोहन्याच्या श्वासाची सरासरी

मोहने गावातल्या माणसांचा श्वास सरासरी एकवीस निघाला, तेव्हा रचनानं भुवईसुद्धा हलवली नाही. एकवीसमध्ये साधा फुगा फुगायचा नाही. पण गेले सात आठवडे, पप्पा गेल्यापासून, तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती.

ती वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या संस्थेत कामाला होती. संस्था मोहन्यात, रचनाच्याच गावात, श्वासाची तपासणी करायची. नळीत जोरात फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा लिहायचा, एवढंच; आकडा मोठा तेवढा श्वास चांगला. गेल्या वर्षी दोनशे बारा जणांनी फुंकलं होतं, यंदा पुन्हा त्यांचीच फेरी झाली. श्वास सुधारला असेल तर तिथलं तपासणी केंद्र बंद करायचं, नाहीतर चालू ठेवायचं, असं ठरलं होतं. आकडेमोड करणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि ऑनलाइन कोर्स जेमतेम अर्धा केलेल्या रचनाच्या गळ्यात ते काम पडलं.

"अगं, शीट डायरेक्ट उचललीस ना?" शेजारचा सर्वेश खुर्ची सरकवत आला. "कॉलममध्ये कुठेतरी अक्षरं असणार. एक जरी शब्द घुसला ना, सॉफ्टवेअर अख्ख्या कॉलमला शब्द समजतं. मग तू म्हणालीस नंबर कर, की ते रांगेतला नंबर देतं. एकशेवीसला एक, एकशेतीसला दोन, असं. मी पण पहिल्यांदा असाच फसलेलो."

रचनानं मोठ्यापासून लहान अशी यादी लावली. सगळ्यात वर नऊ नावं, प्रत्येकापुढे बेचाळीस. म्हणजे अख्ख्या मोहन्यात या नऊ जणांचा श्वास दांडगा. तिनं मूळ फाइल उघडली. त्या नऊ चौकटींत आकडा नव्हताच, "वारले" असं लिहिलं होतं. रांगेत अक्षरं आकड्यांच्या नंतर येतात, म्हणून रांगेतला सगळ्यात मोठा नंबर त्यांच्या वाट्याला आला होता. पाचवं नाव होतं महेंद्र रामा गमरे. तिचे पप्पा.

तो शब्द कल्पिताताईंचा. घरोघर जाऊन नळी फुंकायला लावणाऱ्या त्याच. चौकट रिकामी राहिली तर ताई त्या घरी गेल्याच नाहीत असं ऑफिसात धरतात, म्हणून त्या एकही चौकट रिकामी सोडत नसत. पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा त्या रचनाच्या दारात आल्या. आईनं त्यांना पाणी दिलं.

"काय लिहू गं?" ताईंनी हळूच विचारलं होतं.

"जे आहे ते लिहा," रचना म्हणाली होती, आणि चहा गाळायला आत गेली होती.

रांगेतला नंबर न घेता चौकटीत लिहिलेला आकडाच कसा घ्यायचा, ते सर्वेशनं दाखवलं, तसं तिनं सगळं पुन्हा केलं. सॉफ्टवेअरनं इशारा दिला की नऊ ठिकाणी आकडा सापडला नाही, त्या जागा रिकाम्या धरल्या आहेत. सरासरी आली दोनशे नव्व्याण्णव. गेल्या वर्षीची होती दोनशे शहाण्णव.

"सुधारलं की!" सर्वेश खूश झाला. "मॅडमना मेल टाक आणि चल जेवायला."

"सुधारलं म्हणजे केंद्र बंद ना?"

"मग? लोक बरे झाले, अजून काय पाहिजे?"

तो गेला, ती बसून राहिली. गेल्या वर्षीच्या कॉलममध्ये तिनं ती नऊ नावं शोधली. पप्पांचे एकशे साठ. तीनदा फुंकूनही काटा पुढे सरकेना, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "ही नळीच बंद पडलेय." बाकीचे आठही दोनशेच्या आतले. सगळ्यात कमी श्वासाची माणसंच गळाली, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर चढली होती. दोन्ही वर्षी फुंकणारे दोनशे तीन जण तेवढे घेतले, तर ते तीनशे दोनवरून घसरले होते. सुधारणा नावालाही नव्हती.

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं सरळ नवा कॉलम घातला, "हयात" असं नाव दिलं आणि त्यात फक्त अंक चालतील असं ठरवून टाकलं. जिवंत असेल तर एक, नसेल तर शून्य. सगळीकडे एक एका झटक्यात भरला. शून्यं मात्र हातानं टाकायची होती. आठ टाकून झाली. पाचवं नाव बोटांनी आपणहून वगळलं होतं.

पप्पांपुढे शून्य कसं लिहायचं? तिनं "वारले" टाइप केलं. फाइलनं ते घेतलं नाही, फक्त अंक चालेल म्हणाली. तिनं पुन्हा तेच टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर. सात आठवड्यांत हा शब्द तिनं तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता.

मग तिनं शून्य टाकलं. खालची बेरीज दोनशे चारची दोनशे तीन झाली.

सर्वेश जेवून आला तेव्हा ती कीबोर्डवर हात ठेवून हमसून हमसून रडत होती.

"अगं, काय झालं? परत एरर आला का?"

"नाही रे," ती म्हणाली. "आता बरोबर आलं."