पहिलं पाणी झाडाला

आमच्या शेजारची सुलक्षणा म्हणते, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी ख्रिस्तांव बाई, पण ही म्हण खास माझ्यासाठी घडवली असावी. गेल्या ऑक्टोबरात मी एका म्हातारीचं भलं करायला गेले आणि तिने मला दारातून हाकलून दिलं. चूक माझीच होती. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

माझं नाव लॉर्दिना. आमच्या चर्चचं सेवामंडळ मी चालवते. चालवते म्हणजे, बाकीच्या अकराजणी 'हो हो' म्हणतात आणि मी करते. सोमवारी वेदीची वस्त्रं धुवायला निघतात. बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना. गुरुवारी तांदूळ, डाळ, साबण घेऊन आम्ही सात घरांत जातो, त्यातल्या दोन घरांत भांडणंही सोडवतो. शुक्रवारी फादर रोमाल्द आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे प्रसाद, देतात आणि मी पुढे मेणबत्ती घेऊन चालते. शनिवारी फुलं, रविवारी मिस्साची उपासना. माझा नवरा इनास म्हणतो, "देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, ही बातमी तुला अजून पोचलेली नाही."

सोमवारचं काम चाळीस वर्षं पिएदाद आंटीचं होतं. वेदीवर चषकाखाली अंथरायचं चौकोनी वस्त्र, चषक पुसायची लहान वस्त्रं, फादरचे हात पुसायचा टॉवेल, हे सगळं ती टोपलीत घालून खांजणवाड्यावरच्या आपल्या घरी न्यायची आणि बुधवारी परत आणायची, अशी पांढरी की बघून डोळे दिपावेत. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. एक भाचा, आल्विटो, तो वास्कोला. चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक तिचा. त्यावर दुसरं कोणी बसलं तर ती काही बोलायची नाही, फक्त बाकाच्या टोकाशी उभी राहायची. तेवढं पुरायचं.

ऑगस्टमध्ये न्हाणीत शेवाळावरून तिचा पाय घसरला. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसली, ऑक्टोबरात ती घरी आली आणि खुर्चीत बसून राहिली. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन स्वयंपाक करून जाई.

मी काय केलं? जे कोणीही शहाणी बाई करेल तेच. तिचं नाव आजाऱ्यांच्या यादीत घातलं.

ती यादी रविवारी मिस्साच्या शेवटी वाचतात. आणि आमच्या चर्चवर एक भोंगा आहे. महामारीत लोकांना आत येता येत नव्हतं तेव्हा बसवला, मग कोणी काढलाच नाही. त्याचं तोंड नेमकं खांजणवाड्याकडे. भातशेतांवरून आवाज सरळ पिएदाद आंटीच्या खिडकीत जातो. तिने घरात बसून आपलं नाव ऐकलं, कॅन्सरवाला लादिस्लाव आणि चार वर्षं अंथरुणात असलेली कोंसेसांव यांच्या मधोमध.

आता ही यादी काय चीज आहे ते गावाला ठाऊक आहे. तिच्यातून माणूस दोनच वाटांनी बाहेर पडतो, आणि बरं होऊन पडलेला मी तरी बघितलेला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे तिघीजणी बिस्किटांचे पुडे घेऊन गेल्या. त्यातल्या एकीने, जिचं नाव मी घेत नाही कारण ती माझी नणंद आहे, तिला विचारलं, "आंटी, पुरायच्या वेळी नेसवायला कुठला ड्रेस काढून ठेवलायस? निळा की करडा?"

सोमवारी मी गेले तेव्हा दार आतून बंद.

"आंटी, मी लॉर्दिना."

"ओळखलं. चालती हो."

"अगो, तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितली, त्यात काय बिघडलं?"

"मी आजारी नाही. मी बसलेय. बसलेल्यांची यादी काढ, त्यात घाल माझं नाव. तुझ्या नवऱ्याचंही घाल."

शुक्रवारी फादर रोमाल्द स्वतः आले. तरुण आहेत, काणकोणचे, बोलायला गोड. दार उघडलं, पण आंटीने हात जोडून सांगितलं, "फादर, घरात कम्युनियन घेतात ते आजारी. मी चर्चमध्ये येईन तेव्हा घेईन."

"केव्हा येशील, आंटी?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कमरेत पट्टी, समोर तीन पायऱ्या आणि पुढे अर्धा मैल शेताचा बांध. परत येताना माझ्या हातातली मेणबत्ती वाऱ्याने विझली.

पाच शुक्रवार असे गेले. स्वयंपाकाची बाई मला रस्त्यात गाठून सांगे, "मासळी तशीच परत येते, भातावर चार बोटं फिरवते आणि ताट सरकवते." आल्विटोचा मला फोन आला. चांगला मुलगा आहे, वाईट मनाने नव्हता बोलत. म्हणाला, "लॉर्दिनाबाय, नन्सच्या म्हातारपणाच्या घरात एक खोली रिकामी होतेय. डिसेंबरात नेतो तिला. इथे एकटी खाणं सोडून बसली तर काय होणार, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? त्याचं बरोबर होतं. पण एका झाडाला ऐंशीव्या वर्षी उपटून दुसऱ्या कुंडीत लावलं तर काय होतं, तेही मला दिसत होतं. आणि हे सगळं माझ्या एका कागदापासून सुरू झालं होतं. मला रात्रीचं जेवण जाईना, आणि मला जेवण जात नाही ही आमच्या घरात मोठी बातमी असते.

इकडे वस्त्रं कोण धुणार? ऑगस्टपासून फादर शहरातल्या लाँड्रीतून धुऊन आणत होते. नोव्हेंबरात लाँड्रीवाला गावी गेला. मी म्हटलं, त्यात काय मोठं, मी धुते. मशिनमध्ये टाकली. मग आठवलं की आंटी स्टार्च करायची. तिची वस्त्रं कशी कडक, घडीला घडी. मी उकड्या तांदळाची पेज दाट काढली, त्यात सगळी बुडवली, आणि चांगली पाच मिनिटं दाबून ठेवली. इस्त्री केल्यावर अशी कडक झाली की इनास म्हणाला, "ही चर्चला द्यायची की छपरावर घालायची?"

मी लक्ष दिलं नाही. इनासला काय कळतंय.

रविवारी मिस्सा. फादरनी वेदीवर चौकोनी वस्त्र उलगडायला घेतलं. ते उलगडेना. त्यांनी जरा जोर लावला आणि माईकसमोर 'कडाड' असा पापड मोडल्यासारखा आवाज झाला. पुढच्या बाकावरची पोरं खिदळली. मी मान खाली घातली. पण खरी मजा पुढेच होती. कम्युनियननंतर फादर चषक पुसायला लागले. खर्र. खर्र. खर्र. पुसायचं वस्त्र पाणी टिपेल तर शपथ, ते चषक खरवडत होतं. सगळं चर्च शांत, आणि भोंग्यातून शेतांवर तो आवाज चालला होता. खर्र. खर्र.

घरी येऊन मी चप्पल काढते न काढते तोच फोन वाजला. पाच आठवड्यांनी तो आवाज माझ्याशी बोलत होता.

"कोणी धुतली?"

"मी, आंटी."

"चषक पुसायच्या वस्त्राला स्टार्च लावलास?"

"सगळ्यांनाच लावलं."

"अगो लॉर्दिना! अंथरायच्याला लावतात, पुसायच्याला नाही! ते टिपायला असतं. तुला अंग पुसायला कोणी पापड दिला तर चालेल?"

"चुकलं, आंटी."

"कशात धुतली?"

"मशिनमध्ये."

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"पहिलं पाणी कुठे गेलं?"

हे मात्र मी विसरले होते. लहानपणी आईने सांगितलेलं, कॅटेकिझमच्या वर्गात घोकलेलं, तरी विसरले. त्या वस्त्रांवर प्रसादाच्या भाकरीचा कण असू शकतो, चषकातल्या वाइनचा थेंब असू शकतो. आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात जाता कामा नये. ते हाताने काढायचं आणि झाडाच्या मुळाशी, जमिनीत घालायचं. माझं पहिलं पाणी पाइपातून थेट घरामागच्या मोरीत गेलं होतं. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, नाही म्हणत नाही.

"मोरीत," मी म्हटलं.

"सगळी घेऊन ये. आत्ता."

"आंटी, आज रविवार आहे."

"देवाला माहीत आहे आज रविवार आहे. त्याच्यासमोरच खरवडलंस ना? ये. आणि पेज आण, पण पातळ."

दार उघडं होतं. आंटी खुर्चीत ताठ बसली होती, केस विंचरलेले, बाह्या वर केलेल्या. समोर स्टुलावर तिने त्या स्वयंपाकाच्या बाईकडून परात मांडून घेतली होती. मी वाकून गालाला गाल लावायला गेले तर म्हणाली, "ते नंतर. पाणी ओत."

तिने एकेक वस्त्र पाण्यात सोडलं. चोळलं नाही, नुसतं बोटांनी हलवत राहिली, बाळाला न्हाऊ घालताना डोक्यावर हात फिरवावा तसं. हात सुरकुतलेले, पण सराईत. स्टार्च सुटून पाणी पांढुरकं झालं.

"हे पहिलं. जा, दारातल्या झाडाला घाल."

दारात तिची अबोली होती. ऑगस्टपासून तिला कोणी बघितलं नव्हतं. पावसानंतर पाणी नाही, अर्ध्या फांद्या वाळलेल्या. वर्षानुवर्षं त्या झाडाने हेच पाणी प्यायलं होतं. मी परात कलती केली आणि जमिनीने ते पाणी एका घोटात ओढून घेतलं.

मग दुसरं पाणी, साबण, तिसरं पाणी. चौकोनी वस्त्राची घडी तिने मला सहा वेळा घालायला लावली. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा म्हणाली, "आत दुमड, आत. कण पडला तर आत राहिला पाहिजे. तुझ्या पोटात काही राहत नाही ते ठाऊक आहे, निदान घडीत राहू दे."

मी ऐकून घेतलं. त्या पहिल्या 'चालती हो'नंतर पाच आठवडे दारावर थाप मारून जी शिवीसुद्धा मिळाली नव्हती, ती आता फुकट मिळत होती.

शेवटी स्टार्चची पाळी आली. मी पेजेचं भांडं पुढे केलं. आंटीने झाकण काढलं, वाफ अजून येत होती. तिने वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यातली अर्धी एवढ्याशा कापडाला पुष्कळ झाली. वाडगा आण. आणि फडताळात लोणच्याची बरणी आहे, खारातल्या आंब्याची."

ती प्यायली. वाडगा वर करून, शेवटचे तांदळाचे दाणे बोटाने काढून. मग म्हणाली, "अजून दे." चौकोनी वस्त्राला उरली जेमतेम कपभर. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तिने बघितलं आणि म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा. वस्त्रावर डाग पडेल."

त्या संध्याकाळी मी फादरकडे गेले. म्हटलं, तिचं नाव त्या यादीतून काढा, दुसरीकडे घाला. फादरनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रविवारी सूचना वाचताना, फुलं कोणाची आणि झाडलोट कुठल्या वाड्याची हे सांगून झाल्यावर, भोंग्याकडे बघितल्यासारखं करून स्पष्ट वाचलं: "वेदीची वस्त्रं, दर सोमवारी, पिएदाद फुर्ताद."

तिची प्रतिक्रिया? मला फोन आला: "आडनाव नीट घेतलं. शिकतोय पोरगा."

आता सोमवारी मी टोपली पोचवते आणि शुक्रवारी फादर ती न्यायला जातात. पहिल्या शुक्रवारी ते घडी घातलेली वस्त्रं हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आंटी, मी कामासाठी आलोय. पण कामावरच्या माणसाने उपाशी राहायचं असंही कुठे लिहिलेलं नाही. बरोबर कम्युनियन आहे." मी मेणबत्ती धरून उभी होते. आंटीने आधी त्यांच्या हातातल्या घडीवर एक नजर टाकली, सगळं आत दुमडलंय ना ते पाहिलं. मग पांढरा रुमाल डोक्यावर घेतला आणि तोंड उघडलं.

गेल्या सोमवारी मी तिच्याकडे असतानाच आल्विटोचा फोन आला. खोली रिकामी झाली होती. तिचे हात ओले, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला.

"डिसेंबरात? अरे पुता, आठ तारखेला सायबीण मरियेचं फेस्त, मग नाताळ. किती मिस्सा, किती वस्त्रं, ठाऊक आहे तुला? जानेवारीत तीन राजे. मग राखेचा बुधवार आला की चाळीस दिवस उपास, त्यानंतर ईस्टर, तेव्हा तर मान वर करायला मिळत नाही. मे महिना मरियेचा. जूनमध्ये सां जुआंवचं फेस्त. ऑगस्टात नव्या कणसांचं फेस्त. नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी मिस्सा, त्यांची वस्त्रंही मीच धुवायची. मला वेळ कुठे आहे?"

आल्विटो काहीतरी म्हणाला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा जरा मऊ झाला.

"तूच ये नाताळला. बायको-पोरांना घेऊन ये. आणि माझी काळजी करू नकोस. मरेन, सगळेच मरतात. पण सोमवारी नाही मरणार."

मी फोन बंद केला. तिने परात माझ्याकडे सरकवली.

"बघत काय बसलीस? पहिलं पाणी आहे. झाडाला घाल."

मी बाहेर गेले. वाळक्या फांद्या इनासने मागच्याच आठवड्यात छाटल्या होत्या. बुंध्याजवळ तीन कोवळी पानं आली होती. मी पाणी सावकाश घातलं आणि आत जाऊन तिला सांगितलं.

"तीन?" आंटी म्हणाली. "मी सकाळी खिडकीतून चार मोजली. नीट बघ जा."