हललेले फोटो

नणंदबाई भरदुपारी आली आणि शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर, मी कापून ठेवलेल्या बाह्यांवरच बसली.

"बयो, गिऱ्हाइकाच्या बाह्या आहेत त्या."

उठली नाही. काहीतरी बिनसलंय हे तेव्हाच कळलं.

तिचं काम मी तिच्याच तोंडून, भाजी निवडता निवडता शिकले. कमालीचे थंड केलेले अणू लेसरच्या उजेडाच्या खळग्यांत बसवायचे, एक खळगा भरलेला, एक रिकामा, आणि मग सोडायचे. एरवी ते एकमेकांत मिसळतात, ऊब वाटून घेतात आणि आपण कुठे बसलो होतो ते विसरतात. पण खळगे वेडेवाकडे केले की अडकून पडतात. तो वेडेवाकडेपणा एका हद्दीपलीकडे गेला की विसरणं पार थांबतं, पाण्याचं बर्फ व्हावं तसा सगळ्या घोळक्याचा स्वभावच पालटतो, असं तिनं दाखवलं होतं. त्याच्या जोरावर सोमवारी समिती तिची नोकरी कायम करणार होती.

"वहिनी, ते हललेले फोटो आठवतात?"

आठवत होते. अणूंच्या फोटोत भरल्या-रिकाम्या खळग्यांचे पट्टे पुसट आले की लेसर हलला म्हणायचं आणि तो फोटो बाद करायचा, अशी त्यांच्याकडे रीतच होती. अणू सोडल्यावर उशिरा काढलेल्या फोटोंत बाद होणारे जास्त.

"मी लेसरवर वेगळा कॅमेरा लावला. लेसर जागचा हलत नाही गं. अणू विसरतायत, फक्त फार सावकाश. आणि जे विसरले त्यांना आम्हीच घराबाहेर काढत आलो."

"सासूबाईंनी आमच्या लग्नातले हललेले फोटो फेकले. तुझा दादा हसला होता तो तेवढ्यातच."

"हसवू नकोस."

"तुमच्या प्रयोगशाळेचे सर काय म्हणाले?"

"म्हणाले, सोमवार जाऊ दे. खोटं नाही बोलायचं, उशिरा बोलायचं."

खरं सांगायचं तर माझ्याही ओठावर तेच आलं होतं. इतकी वर्षं ही पोर दर वर्षी मुदतवाढीची वाट बघत आलेली. मी दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना.

तिनं मशीनच्या फळीवर लॅपटॉप उघडला आणि बाद केलेले सगळे फोटो परत आत घेतले. अणूंना किती आठवतंय ते दाखवणारी पडद्यावरची सरळ रेघ शेवटाकडे हळूच कलली, बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखी. ते चित्र जोडून तिनं समितीला चार ओळी लिहिल्या.

"पाठवू?"

"मला विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही."

"म्हणून तर इथे आले. तू नको म्हणतेस का, ते बघायचं होतं."

मी नको म्हटलं नाही. तिनं पाठवून दिलं.

मग उठली, बाह्या मांडीवर घेऊन तळहातानं सुरकुत्या दाबत बसली. मी इस्त्री तापायला ठेवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सरांचा.

तिनं बाही खाली ठेवली नाही.

"हो सर," ती म्हणाली, "मीच पाठवलंय."